चौदा पॉइंट चार

अबेलार्दोची ब्यूइक दारात आली
तेव्हा तिचे दिवे गाण्याबरोबर मिचमिचत होते.
ढुम्, की अंधार. ढुम्, की अंधार.
डिकीत तीन हजार वॉटचा अँप्लिफायर,
बॉनेटखाली मात्र कंपनीतून आलेला
शंभर अँपिअरचा म्हातारा अल्टरनेटर,
नाकापेक्षा मोती जड.

"मोठी बॅटरी टाक फक्त," म्हणाला.
बॅटरी म्हणजे पोहरा रे पोरा,
आडात नसेल तर पोहरा मोठा घेऊन काय करशील?

दोन शनिवार गेले.
अडीचशेचा अल्टरनेटर बसवला,
पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला,
मग तीन वायरी, निव्वळ तांब्याच्या, करंगळीएवढ्या:
अल्टरनेटरकडून बॅटरीकडे,
बॅटरीच्या वजाकडून सांगाड्याकडे,
इंजिनाकडून पुन्हा सांगाड्याकडे.
लोक अधिकच्या वायरीवर पैसे उधळतात
आणि परतीची वाट तशीच ठेवतात, केसासारखी बारीक.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर.
"इतका जवळ कशाला?"
आग लागायचीच तर वीतभर लागावी म्हणून.

मागच्या सीटखाली अर्थिंगसाठी रंग खरवडला.
निळ्याखाली करडा, करड्याखाली गंज
(कॉर्पस क्रिस्टीत वाऱ्यालाच मीठ असतं,
इथला कुठलाही नट चाटून बघा),
आणि गंजाखाली, बऱ्याच वेळानं,
रुपयाएवढं उजळ लोखंड.
तिथं बोल्ट आवळला. वर ग्रीस.

मीटर लावला. चौदा पॉइंट चार.
त्यानं आवाज चढवला, टेबलावरचा पाना
सरकत सरकत खाली पडला,
काटा चौदाच्या खाली उतरला नाही.
दिवे समईसारखे स्थिर.
अर्धे पैसे रोख दिले त्यानं,
उरलेल्यांबद्दल मामाच्या बोटीवरची कोळंबी, बर्फासकट.

बुधवारी परत आला. तोंड उतरलेलं.
"पुन्हा मिचमिचतील असं काही करता येईल?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

त्याची आई, ओतिलिया, सातव्या वर्षी तापात
दोन्ही कानांनी गेली.
हा रिफायनरीतून रात्री दोनला सुटतो.
ती जागी पडून पडद्याकडे बघत असते.
गल्लीतून गाड्या जातात, उजेड सरळ सरकत जातो;
एकच उजेड उड्या मारत यायचा
आणि मग ती कूस बदलून झोपायची.
आठ वर्षं.
परवा सरळ उजेड दारापाशी थांबला,
तर ही तवा उगारून उंबऱ्यात उभी.

आता केलेलं काम बिघडवू कसं?
वायर बारीक करायला हात धजेना.
शेवटी स्टिअरिंगच्या डावीकडे एक बटण बसवलं,
जुन्या दारावरच्या घंटीचं.
दाबलं की हेडलाइट जातात, सोडलं की येतात.
बिलात ते लिहिलं नाही.

आता गल्लीच्या तोंडाशी आला की तो वेग कमी करतो,
आणि गाण्याच्या ठेक्यावर अंगठा चालवतो.
दिवसभर व्हॉल्व्ह फिरवून दमलेला अंगठा;
ठेका चुकतोच.

पहिल्याच रात्री, म्हणे,
दार उघडून ओतिलियानं हातांनी विचारलं:
गाणं बदललंस का?