शेवटचा रकाना

शुक्रवारी दुपारची नमाज सुटली की
तांडेलबाई यायच्या आमच्या खोलीवर,
हातात छत्री, खांद्याला पिशवी,
पिशवीत बटणांचा डबा.

सहमच्या मागे, खजुरीच्या बागांत
आम्ही अकरा जण. मी पंपावर, बाकीचे झाडांवर.
घर एकालाही नाही.
म्हणजे आहे, पण ते
गुहागरला आहे, सिल्हेटला आहे, देवरियाला आहे,
आणि दर सात तारखेला पैसे मागतं.

बाई म्हणाल्या, मी गृहविज्ञान शिकवते.
रामअवध हसला. बाई, गृह कुठंय?
त्यांनी खोलीभर पाहिलं:
दोरीवरचे बनियन, करपलेला टोप,
गळत्या एसीखालची बादली.
"मग हे काय, गोठा?
गोठासुद्धा झाडायला शिकवलाय मी,
बावीस वर्षं, दापोली तालुक्यात.
ऊठ. सुईत दोरा ओव."

त्या दिवशी अकरा बाप्ये
दोऱ्याचं टोक थुंकीनं ओलं करत बसले.
मुबीननं शर्ट स्वतःच्याच लुंगीला शिवला.

मग कुठूनसं फ्रीजचं खोकं आणलं त्यांनी,
आत चकाकता कागद, वर काच.
"गावात दाखवायला काढलं की ढग यायचे.
सरकारी योजना आणि ऊन
एका दिवशी कधी आलं नाही.
इथं बघा, ढिगानं पडलंय."
दहाला ठेवलेली डाळ साडेबाराला शिजली.
शेजारची उम्म सालिम कुंपणावरून बघत होती.
दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणातही खोकं,
आणि आमच्या दारात वाळल्या लिंबांची परडी:
काळी, हलकी, हलवली की बिया वाजणारी.
बाईंनी एक डाळीत फोडलं, चाखलं,
म्हणाल्या, "आमसुलाची मावसबहीण."

जुलैत जगेसर झाडावरून उतरला
तो बोलेचना.
बाई उन्हातून चालत आल्या.
लिटरभर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ,
गाडी येईपर्यंत घोटघोट पाजत राहिल्या
आणि आमच्यावर ओरडत राहिल्या:
"सपाट चमचा! शीग नको!"
अजून मी साखर घेतली की
बोट आपोआप शीग पाडतं.

वह्या वाटल्या, शंभर पानी.
रिआल, बैसा.
घरी. खाणं. मोबाइल. कर्ज.
शेवटचा रकाना त्यांनी स्वतः पट्टीनं आखला
आणि वर लिहिलं: मी.
"यात काय लिहू?"
"खर्च."
"माझा काही नसतो."
"मग शून्य लिही. मोकळं सोडायचं नाही."

चार महिने शून्य लिहिलं,
गोल, नीट, दाखवण्यासारखं.
पाचव्या महिन्यात बाजारात
एका आंब्यापुढे थांबलो.
हापूस नव्हे, इथलाच, ठेंगणा, रेषारेषांचा.
दोनशे बैसा.
ट्रकच्या आडोशाला उभं राहून खाल्ला,
कुणाच्या झाडाचा चोरल्यासारखा.
रात्री लिहिलं. मी: दोनशे.
बाईंनी खूण केली, मग विचारलं,
"कोय कुठाय?"
फेकली म्हटल्यावर मात्र रागावल्या.

त्यांच्या मुलाची सोहार बंदरातून बदली झाली.
सामान बांधायला मी आणि मुबीन.
कपाटात त्यांची वही. पाहू नये, पाहिली.
शेवटच्या रकान्यात
करक चहा, शंभर.
जांभळी लिपस्टिक, साडेसातशे.
समुद्रावर टॅक्सी, एकटी, दोन रिआल.
चहा.
चहा.
नुसतंच बसले, शून्य.

मुबीन म्हणाला, काय वाचतोस?
मी म्हटलं, हिशेब. बरोबर आहे.
वही खोक्यात घातली, दोरी कसली.
बाहेर उन्हात डाळ केव्हाच शिजली होती,
काचेला वाफ धरली होती,
उतरवायचं कुणाला सुचलं नाही.