तारीख असेल तर

गव्हनच्या वाचनालयात, हीटरपाशी,
मोराग बाई फळ्यावर दोन प्रश्न लिहितात.
तारीख माहीत असेल तर ‘डिड’, म्हणतात,
दार ओढून घेतल्यासारखं.
नसेल, तर ‘हॅव’.

लेतेब्रहान उतरवून घेते.
कोट ओला, पेन्सिल बोटभर.
आठवडाभर तिची सगळी सरमिसळ:
हॅव यू कम येस्टर्डे?
बसवाला हसतो, तिकीट देतो.

शुक्रवारी कचेरीत
फाइल चाळता चाळता साहेब विचारतो,
डिड यू हिअर फ्रॉम युअर ब्रदर?

त्रिपोलीचा धक्का. सतरा ऑक्टोबर. निळा शर्ट,
एक बटण तिनंच लावलेलं.
तारीख तर आहे तिच्यापाशी.

नो, सर, ती म्हणते,
आणि साहेबाचं व्याकरण सुधारते:
हॅव.
हॅव यू हर्ड.
विचारा पुन्हा.