हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला आणि बँकेचा संदेश आला,
तुमच्या नावाने, माझ्या फोनवर:
पुंजाराम दौलत खैरनार,
आपण हयात असल्याचा दाखला त्वरित सादर करावा.

मी मेथी निवडत होते.
जुडी अर्धी तशीच राहिली.

मागच्या वर्षी आपण गेलो होतो सातपूरच्या शाखेत.
जिन्यावर बसलेले पेन्शनर, तुमचा कडक इस्त्रीचा सदरा,
आणि डावीकडून कोणी बोललं की तुम्ही अख्खेच वळायचात,
डावा कान छांबला ठेवून आलेले.
काउंटरवरच्या पोरीने तुमचा अंगठा काचेवर दाबला.
जुळत नाही, यंत्र म्हणालं.
तर्जनी. जुळत नाही.
मधलं बोट, ओल्या फडक्याने पुसून.
तेही नाही.
एकतीस वर्षं ग्राइंडरपाशी झिजलेली,
कूलंटच्या पांढऱ्या पाण्यात भिजलेली बोटं;
त्यांच्या रेषा कधीच वाहून गेलेल्या
कारखान्याच्या गटारातून नासर्डीत,
नासर्डीतून पुढे.
पोर कावरीबावरी झाली.
तुम्ही हसून तिला म्हणालात,
"मी आठेच शे ना, माय."

युद्धाचं तुम्ही सांगितलंत ते एवढंच:
डिसेंबरात तवीकाठी थंडी अशी
की तोफेतून निघालेल्या रिकाम्या पितळी नळकांड्यांना
सगळे आळीपाळीने हात लावून बसायचे.
"ऊब राहायची बराच वेळ."
गोळा कुठे पडला, कोणावर,
ते आईने एकदाच विचारलं.
तुम्ही उठलात आणि सायकलची चेन साफ करत बसलात
अंधार पडेपर्यंत.

कॉलनीने पंधरा ऑगस्टला शाल दिली, हातात माईक दिला.
लोक वाट बघत राहिले.
तुम्ही म्हणालात, "मुलांनी मोजे कोरडे ठेवावेत,"
आणि खाली बसलात.
लोक हसले. मीही हसले, बाबा.

कारखान्याचं मात्र किती बोलायचात!
शाफ्ट, बेअरिंग, शतांश मिलिमीटरची चूक पकडलेली एक रात्रपाळी.
ताटातली भाकरी फिरवून म्हणायचात,
"इकडून एक सूत जाड आहे."
आई लाटणं उगारायची, "भाकरी थापतात, खैरनार!"
तुमच्या पँटी वेगळ्या धुतल्या
तरी लोखंडाचा किस माझ्या शाळेच्या गणवेशावर चमकायचा.
संप झाला ते पाच महिने
त्र्यंबक रोडला कोण्या द्राक्षवाल्याच्या बंगल्यावर राखण केलीत,
रिकाम्या बंदुकीने.
बंदूक रिकामी आहे हे त्याला सांगितलं नाहीत,
की त्यानेच तुम्हाला सांगितलं नव्हतं?
हे विचारायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी अमरधामात अस्थी वेचताना
एक तुकडा सापडला. नखाहून लहान, काळा.
तिथला माणूस म्हणाला, ऑपरेशनची पिन असेल.
तुमचं ऑपरेशन कधी झालंच नव्हतं.
अस्थी काकांनी नेल्या. तुकडा मी पदरात बांधून आणला.
मखमली डबीतला तुमचा मायक्रोमीटर काढला,
तुम्ही शिकवलं होतंत तसा, न आवळता, टिकटिक होईपर्यंत.
तीन पूर्णांक बेचाळीस.
माप मिळालं. गाव नाही मिळालं.
छांबहून आला हा, की सातपूरहून?
तुम्ही तो ग्राइंडरला लावला असता,
ठिणगी कशी फुटते ते बघून
पोलादाची जात सांगितली असती.

उद्या बँकेत जाईन.
महापालिकेचा कागद तयार आहे,
त्यावर तुमचं वय एका वर्षाने चुकलंय
आणि तुम्ही ते चालवून घेतलं नसतं.
आज फोन पालथा घातला.
मेथी संपवली.
मग तुकडा घेऊन बसले खिडकीपाशी.
आधी गार होता.
मूठ मिटून ठेवली तशी
हळूहळू कोमट होत गेला.