तोंडओळख

वुल्वरहॅम्प्टनच्या बाजाराबाहेर, चावीवाल्याच्या दुकानावर
सतरा नंबरचा कॅमेरा.
जुना. त्याच्या काचेसमोर एक कोळी राहतो.
रात्री इन्फ्रारेड दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे तो,
आणि दर गुरुवारी, शिडी लावून, मी.

खाली तळघरातल्या यंत्राला हवे असतात
दोन डोळ्यांच्या मध्ये निदान साठ पिक्सेल.
सतरा नंबर देतो अठरा.
अठरा ठिपके, अठरा ओळी :
एवढ्यात रांगोळीतलं कासव निघतं,
माणूस निघत नाही.
यंत्र मात्र काढतं.
कोरा कागद परत द्यायचा असतो
हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी
त्याने डेल्रॉय ब्रिसेट काढला.
बस डेपोत रात्रपाळीचा मेकॅनिक, वय एकावन्न,
पिशवीत खारवलेला मासा आणि आल्याचा तुकडा.
दोन पोलिसांनी त्याला अदबीने थांबवलं.
अदब पूर्ण रेझोल्यूशनची होती.
चाळीस मिनिटं.
ज्याच्यासारखा तो दिसला
तो त्याच्याहून एकवीस वर्षांनी लहान,
डाव्या कानाची पाळी फाटलेला.
कान ठिपक्यांत बसला नव्हता.

सुटल्यावर त्याने वर बघितलं, मी शिडीवर.
"तिथून मी कसा दिसतो?"
खरं तेच सांगितलं : धुरकट.
"बायकोही हेच म्हणते, चष्मा सापडला नाही की."
हसला.
मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली
आणि हसायचा थांबला.

आमच्या भाषेत तोंडओळख म्हणजे
नाव विचारू नका, जामीन राहणार नाही,
समोर आला तर मान हलवेन, इतकंच.
इथे तेवढ्यावर माणसाचा दंड धरतात.

ऑगस्टमध्ये नवा कॅमेरा बसवला. मीच बसवला.
दोन डोळ्यांच्या मध्ये एकशे चाळीस.
आता दिसतं : दाढी करताना कापलेलं,
पापणीवरची रांजणवाडी,
चावीवाला गिऱ्हाईक गेल्यावर
तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतो ते, जवळजवळ.
चुका कमी झाल्या. खोटं कशाला बोलू, झाल्या.
पण आता होते ती चूक लखलखीत असते,
प्रत्येक पापणी मोजता येईल अशी,
आणि तिच्याशी कोणी हुज्जत घालत नाही.
आधी पोलीस निदान डोळे बारीक करून
पडद्यापाशी वाकायचे.

ब्रिसेट अजून मंगळवारी येतो.
सतरा नंबरखाली थांबतो, टोपी काढतो,
सावकाश डावा कान पुढे करतो.
मग उजवा.
तळघरात मी मान हलवते.
त्याला ते दिसायची सोय नाही.

कोळी परत आलाय.
मी गुरुवारी शिडी लावते.
कधीकधी शुक्रवारी.