माया

मुनाफच्या झेरॉक्सच्या दुकानात
लोहगाव ते जोरहाट टाकून बघितलं.
सरळ रेषेत दोन हजार दोनशे सत्तर किलोमीटर,
थोडं इकडेतिकडे.
उडायला तीन तास वीस मिनिटं.
"पण काका, असं विमानच नाही," मुनाफ म्हणाला.
"असतं तर किती लागले असते, तेवढंच सांगतंय हे."

जे आहे ते कोलकात्याला उतरतं,
सहा तास बाकड्यावर बसवतं.
आणि धानोरीतून विमानतळाच्या फाटकापर्यंतचे
चार किलोमीटर
हिशोबात कुणी धरतच नाही.

मी शिंपी माणूस. सरळ रेषेवर माझा भरवसा नाही.
खांद्यापासून मनगटापर्यंत ताणून मोजलं
की बाही आखूड होते.
कोपर वाकवायला सांगावं लागतं गिऱ्हाइकाला.

हर्षदा तिकडे चहाच्या पानांवरची कीड मोजते.
दुसरं वर्ष. परवा फोनवर म्हणाली,
बाबा, इथली थंडी ओली असते, कोट शिवून पाठवा.
म्हटलं, मापं सांग.
टेप कुठला तिच्याकडे.
परकराच्या नाडीनं मोजलं,
मग नाडी फूटपट्टीवर धरली, सरकवत सरकवत.
कंबर त्रेसष्ट, म्हणाली.
इंचात केली : पंचविसाला जरा कमी.
माझ्या वहीत साडेसत्तावीस.

एक तर नाडी घसरली असेल.
विचारलं नाही.
फोनवर आवाज लगेच पोचतो,
उत्तर मात्र कोलकात्याला थांबून येतं.

धावपट्टी दोन्हीकडे हवाई दलाची.
लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की
बोलणं तोडून गप्प राहायचं,
कधी तिच्याकडचं जातं, कधी माझ्याकडचं.
तेवढ्यात मी सुईत दोरा ओवून घेतो.

घड्याळ एकच आहे दोघांचं, सरकारनं दिलेलं.
पण मी दुकानात दिवा लावतो
तेव्हा तिच्याकडे अंधार पडून दीड तास झालेला असतो.
मळ्यातली माणसं म्हणे आपलं वेगळं घड्याळ ठेवतात,
तासभर पुढं.
ती कुठल्या घड्याळानं जेवते
हेही विचारायचं राहिलंय.

खुळेबाई ब्लाउज न्यायला आल्या, कोट उलटा करून बघितला.
"आत एवढं कापड कशाला हो? उगाच जड होतंय."
आता यांना काय सांगायचं.
शिवला पंचविसावरच,
पोरीनं सांगितलेलं माप खोटं कसं म्हणू?
फक्त दोन्ही कुशींना माया ठेवली,
उसवली तर साडेसत्तावीसपर्यंत सुटेल एवढी.
टाकाही तिथं सैल घातलाय,
नखानं निघेल.

पोस्टातल्या बाईंनी वजन केलं.
आठशे चाळीस ग्रॅम.
पत्ता वाचला, चष्मा वर केला,
"जोरहाट! फार लांब आहे की."

तीन तास वीस मिनिटं, म्हटलं,
सरळ गेलं तर.