चार नंबर

वैजूनं गणपत गल्लीतून आणले चार सेल,
भरून पुन्हा वापरायचे,
आणि प्लगात बसणारा चार खणांचा चार्जर.
मी म्हटलं, एवढ्या पैशांत
साधे सेल तीन वर्षं आले असते की.
आले असते, म्हणाला. खरं चौथ्या वर्षी?

मग माझं नेलपॉलिश मागितलं.
एकेकाच्या पोटावर आकडा काढला, फुंकर घालून वाळवला.
एक-दोन जोडी, तीन-चार जोडी.
जोडी फोडायची नाही, लक्षात ठेव.
एक भरलेला आणि एक अर्धा बसवलास
तर भरलेला अर्ध्याला फरफटत नेतो,
आणि अर्धा कायमचा बसतो.
आमच्या लग्नात भटजींनीसुद्धा
एवढं नीट समजावलं नव्हतं.

एक-दोन रिमोटात, तीन-चार टॉर्चमध्ये.
खानापुरात दिवे सांगून जात नाहीत.
हेस्कॉमला फोन लावला तर बाई थांबा म्हणते,
किती थांबा ते मराठीत सांगत नाही,
कन्नडमध्येही सांगत नाही.

रविवारी मामंजींचं बीपीचं यंत्र चारही मागतं.
मग रिमोट पोट उघडा टाकून पालथा,
टॉर्च आंधळी,
आणि मामंजींचा दंड फुगत जातो, फुगत जातो,
सगळं घर गप्प.
एकशे बेचाळीस.
ते विचारतात, हे माझं का सेलचं?

वैजू सोमवारी पहाटे वेर्ण्याला जातो, कारखान्यात.
शनिवारी रात्री येतो,
आधी फोन लावतो चार्जिंगला, मग सेल,
मग पाय धुतो.

अशी तीन वर्षं निघाली, चौथं लागलं,
आणि गौरीच्या आदल्या रात्री
तीन नंबरचा दिवा नुसता मिचमिचत राहिला.
टोकं पुसली. खण बदलला.
खण बरा होता.
वैजूला फोनवर सांगितलं तर तो जरा वेळ बोललाच नाही,
मग म्हणाला, चार नंबर बघ.
चार नंबर टुणटुणीत होता, पाऊण तासात तापून हिरवा.
खरं त्याला आता बसवायचा कुठं?
नव्याशेजारी जुना चालत नाही,
एक-दोनमध्ये तिसऱ्याला जागा नाही.

इराप्पा मास्तर समोरच्या घरातले,
कन्नड शाळेतून रिटायर झालेले.
शांतव्वा गेल्यापासून सातच्या बातम्यांना आमच्याकडे येतात.
आमची मराठी बातमी निम्मी झाली की
मामंजी न बोलता चॅनेल बदलतात,
निम्मी त्यांची.
त्यांनी चार नंबर तळहातावर घेतला, वजन केल्यासारखा हलवला.
आमचं घड्याळ बंद पडलंय की हो, आषाढापासून.
त्याला जोडी लागत नाही.
ओंदे साकु, म्हणाले. एकच पुरे.

आता दोन-चार महिन्यांनी ते येतात,
शर्टाच्या खिशात सेल, पेनाशेजारी.
भरायला लागतात तीन तास.
तेवढे तीन तास त्यांच्या भिंतीवर किती वाजलेत
ते कुणालाच ठाऊक नसतं,
आणि मास्तरांना घाई नसते.
परत जाताना आमच्या घड्याळात बघतात,
मनगटावर असून.

तीन नंबर अजून कुंद्याच्या रिकाम्या डब्यात आहे.
कचऱ्याची गाडी कन्नड गाणं लावून येते,
ओला एकीकडं टाका, सुका एकीकडं.
हा ओला का सुका, मी पोराला विचारलं.
तो म्हणाला, अक्का, हा नको, घरीच ठेवा.
वैजू म्हणतो, बेळगावला एक पेटी आहे म्हणे असल्यांची,
पुढच्या खेपेला नेतो.
डब्यावर अजून नेलपॉलिशचा वास येतो,
का मलाच येतो.

आज चार नंबरचा दिवा हिरवा झाला मघाशीच.
मास्तर बसलेत तिथून तो त्यांनाही दिसतो.
कुणी काही म्हणत नाही.
मी परातीत पीठ घेते,
आणखी एक मूठ.