डावखुरा दस्ता

उजव्या डोळ्यात धुकं साचलं तेव्हा
ऑस्मोने डॉक्टरआधी कुहमोतलं बंदुकांचं दुकान गाठलं.
चामड्याची गालपट्टी आणली, तीन बक्कलांची,
आणि दस्त्याच्या टाचेला रबराची गादी.

स्क्रू बर्चमध्ये शिरेना;
साबणाच्या वडीवर घासला, मग गेला निमूट.

दस्त्याच्या एका अंगाला
चाळीस ऑक्टोबर गाल घासून चकाकी आलेली.
दुसरं अंग कोरं.
पट्टी तिथे.

रिकामी रायफल उचलून
खिडकीबाहेरच्या सरपणावर धरली:
पुढे आला तो उजवाच खांदा.
बोल्टही तिकडेच राहिलेला, हट्टी.

"यंदा मूसमागे येतोस ना?" दारातून शेजारची राउनी.
"बघू," तो म्हणाला,
"आधी डाव्या हाताने कॉफी ओतून बघतो."